मैराला सांगायचं नव्हतं

वाऱ्याला मी घाबरत नाही. एकतीस वर्षं या माळावर गाडी हाकतोय. घाबरतो ते माणसांच्या शहाणपणाला, त्यात माझंही आलं.

सकाळी सातला गावातल्या तोक्तारचा फोन आला. त्याची आई पहाटे गेली होती. धाकटी बहीण मैरा अल्माटीहून आगगाडीत बसलेली, अकराला अत्बासार स्टेशनवर उतरणार होती. "एर्किन काका, तिला घेऊन या. पण वाटेत काही बोलू नका. आईला बरं नाही, एवढंच तिला ठाऊक आहे. ती येईपर्यंत मी माती थांबवतो."

आमच्यात मरणाची बातमी अशी वाटेत, उभ्या उभ्या देत नाहीत. माणसाला घरी आणायचं, बसवायचं, मग म्हाताऱ्यांनी इकडचं तिकडचं बोलत हळूच सांगायचं. मीही आजवर कितीतरी पोरांना असंच तोंड शिवून गावात आणलंय. "बरं," म्हणालो.

मैरा उतरली ती कोटाच्या आत सफरचंदांची पिशवी कवटाळून. बाहेर काढली तर गोठतील म्हणाली. "इथली खात नाही ना ती! भारी नखरे आहेत आईचे. कशी आहे हो?"

"पडून आहे," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायचं ना मेल्या! पण तिचा चेहरा बघवेना, म्हणून पुढं जोडलं, "तुझी वाट बघतेय."

"जेवतेय का काही?"

"मी काय डॉक्टर आहे? बस गपचूप."

"चिडका तो चिडकाच राहिलात, काका," ती हसत म्हणाली आणि शेजारी बसली.

उणे अठ्ठावीस होतं. आदल्या आठवड्यात बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं, त्यामुळं रस्ता नुसता घसरगुंडी. त्यात वारा आडवा, माझी निवा गाडी सारखी कडेला सरकायची. तिसाव्या किलोमीटरला पोलिसांनी रस्ता बंद करायची दांडी खाली टाकलेली. "बुरान येतोय, हिमवादळ. मागं फिरा, उद्या सकाळी उघडतो," त्यातला एक खिडकीशी येऊन ओरडला.

मैरा खाली उतरली. त्याची बाही धरून गयावया करायला लागली. "माझी आई शेवटच्या घटका मोजतेय हो!"

"ताई, वाईट वाटतं. पण उद्या तुम्हा दोघांना बर्फातून मला उकरायचं नाही."

ती परत येऊन बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "धान्याच्या कोठारामागून जुनी वाट जाते. तुम्हाला माहितीय."

माहीत होती. आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत असते. सांगायची वेळ होती तर ती हीच. मयत तिच्यासाठीच थांबवलेली, एका दिवसानं काही बिघडणार नव्हतं. 'पोरी, आता घाई नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द दिला होता ना मी! जीभ उचललीच नाही. त्यापेक्षा गाडी वळवणं सोपं वाटलं. अक्कल कुठं गहाण टाकली होती, देव जाणे.

गाव आठ किलोमीटरवर असताना बुराननं गाठलं. पांढरं, सगळं पांढरं, गाडीचं नाकसुद्धा दिसेना. मी ब्रेकला पाय लावला, गाडी जागच्या जागी फिरली आणि चरात जाऊन एका अंगावर कलंडली. फोनला रेंज नाही. पेट्रोल सकाळपर्यंत पुरलं असतं. मी फावड्यानं धुराची नळी मोकळी केली, आत आलो, म्हणालो, "आता बसायचं. गाडी सोडायची नाही."

तासभर ती बसली. मग म्हणाली, "तारेच्या खांबांच्या रांगेनं चालत जाईन मी."

"वेड लागलंय? एका खांबापासून दुसरा दिसायचा नाही."

"आणि मी इथं ऊब घेत बसले, नि तिकडं ती गेली तर? वाट बघत गेली तर, काका?" तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

मी तो धरला. "मैरा, आई गेली. पहाटेच गेली गं. आता कुठं पळतेस?"

ती रागानं लाल झाली. "लाज नाही वाटत? मला अडवायला माझ्या आईला मारता?"

"अल्लाशपथ खरं सांगतोय!"

"स्टेशनवर काय म्हणालात? वाट बघतेय म्हणालात. मग ते काय होतं?"

मी तिचा हात आणखी घट्ट धरला. तिनं हिसडा देऊन हात सोडवला, दार उघडलं, आणि बर्फाचा लोट आत आला.

गाडी ओढायचा दोर दाराला आणि कमरेला बांधून मी तिच्या मागं धावलो. दोर पुरेल तिथवर गेलो, आलो, पुन्हा गेलो. हाका मारून घसा बसला. हॉर्न दाबला तर वाऱ्यात तो मलाच ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मैरा गाडीपासून चारशे पावलांवर सापडली. गावाच्या उलट्या दिशेला.

जमीन दगड झालेली, टायर जाळून मऊ करावी लागली. दोन खड्डे खणले. मी बोटांना पट्ट्या बांधून नुसता उभा होतो, तर तोक्तार हातातली पहार टाकून माझ्यापाशी आला. डोळे सुजलेले.

"काका, एकच सांगा. आई गेल्याचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं माझा पट्ट्यांचा हात छातीशी धरला. "उपकार झाले तुमचे. एवढं होऊनही शब्द मोडला नाहीत." मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

थंडीनं दोन बोटं गेली, तरी गाडी चालवता येते. गावात कुणी गेलं आणि बाहेरगावच्या पोरांना आणायचं असलं, की आता पहिला फोन मलाच येतो. एर्किन काका तोंड उघडत नाहीत म्हणतात.