पडद्यामागचं ऑफिस

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आयांच्या मांडीवर मुलांच्या गुणपत्रिका होत्या आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या पडद्याला चिकटले होते. पडद्यावर पंधरा तरुण चेहरे हसत होते.

संस्थेचे संचालक सर म्हणाले, "दोन वर्षं मला द्या, पुढची चाळीस मी तुम्हाला देतो. पंधरा फोटो, पंधरा नोकऱ्या. शंभर टक्के. विश्वास बसत नाही ना? ठेवूच नका. हव्या त्या फोटोवर बोट ठेवा, आत्ता फोन लावतो."

कुणीतरी बोट दाखवलं. फोन लागला. स्पीकरमधून कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि एक आवाज अदबीनं म्हणाला की सर, ऑफिसात आहे, जरा मीटिंग चालली आहे. सरांनी पगार विचारला. आकडा ऐकल्यावर लोकांनी सरांपुढे हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले.

चिमी हे सगळं आतून ऐकत होती. आतून म्हणजे पडद्याच्या मागच्या खोलीतून. तिथं एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि पंधरा मोबाइल होते. प्रत्येक मोबाइलच्या पाठीवर एकेक नाव चिकटवलेलं. टकटक करायला एक मुलगा मोडका कीबोर्ड पुढ्यात घेऊन बसे.

याच संस्थेतून दोन वर्षांची प्रोग्रॅमिंगची पदविका घेऊन चिमी चार महिन्यांपूर्वी बाहेर पडली होती. बाहेर कसली, आतच पडली होती. नोकरी मिळेना, तेव्हा सरांनी 'सॉफ्टवेअर सहायक' असं पत्र हातात ठेवलं आणि तिचा फोटो लावला. काम दोनच: पालकांना फोन करून कार्यक्रमाला बोलवायचं आणि कार्यक्रमात फोन उचलायचा. घरी तिनं खरं सांगितलं नाही. आईनं मात्र पोरगी मोठ्या ऑफिसात लागली म्हणून साऱ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं.

तिच्या नावाचा मोबाइल वाजला. तिनं सवयीनं उचलला, आणि पलीकडचा आवाज लगेच ओळखला. या वेळी चिमीच्या फोटोवर बोट ठेवणाऱ्या बाईच्या हातातच सरांनी फोन दिला होता. ती तिची मावशी होती, ब्लाउज शिवून दोन मुलींना वाढवणारी.

"चिमे, मी बोलतेय. धाकटीला इथंच घालावं म्हणते. शिलाईचं मशीन सोडून आहे ते सगळं मोडणार आहे मी. खरंच चांगलं चाललंय ना तुझं? तू हो म्हणालीस की झालं."

"हो मावशी. खूप छान चाललंय."

शब्द तोंडातून निघूनही गेले. चार महिन्यांत जीभ सरावली होती. बाहेर टाळ्या पडल्या. टाळ्यांत मावशीनं नाक ओढल्याचा आवाज आला, मग अर्जाचं टेबल कुठं आहे हे ती कुणाला तरी विचारू लागली.

चिमी उठली. कीबोर्डवाल्यानं तिची बाही धरली. निदान पगार तरी मिळतोय, असं तो पुटपुटला. तिनं बाही सोडवून पडद्याशेजारचं दार उघडलं. फोन अजून चालूच होता.

"मावशी, मी इथं आहे," ती म्हणाली, आणि तेच शब्द स्पीकरमधूनही आले.

सर क्षणभर गांगरले, मग हसून म्हणाले की ही आपली गुणी विद्यार्थिनी, तुम्हाला चकित करायला मुद्दाम बोलावली. मागच्या रांगेतला एक वायरमन शांतपणे म्हणाला, "इथंच होती तर फोन कशाला लावलात?"

मग चिमीनंच सगळं सांगितलं. तिच्या तुकडीत साठ जण भरती झाले. छत्तीस जण मधेच सोडून गेले. उरलेल्या चोविसांपैकी नऊ जणांना खरी नोकरी लागली, आणि सहा जण या खोलीत बसतात. बाकीच्यांचे फोटोच नाहीत. जो फोटोत नाही, त्याला मोजतच नाहीत. मग शंभर टक्के का नाही होणार? त्या नऊ जणांचे फोनही आतच वाजतात. वायरमन आत गेला आणि पंधरा मोबाइल ट्रेमध्ये घालून घेऊन आला. लोक पांगले. तरीही दोघं जण गुपचूप अर्जाच्या टेबलाकडे गेलेच.

पायऱ्यांवर मावशी तिला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खोटं बोलताना तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही गं."

ते चिमीला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं पालकांचे नंबर लिहिलेली वही काढली. तिनं केलेल्या फोनमुळे एकेचाळीस घरांनी प्रवेश घेतला होता. तिनं एकेक नंबर लावायला घेतला. कुणी शिव्या दिल्या, कुणी ऐकूनच घेतलं नाही. एका आईनं विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"भीती वाटली. माझं चुकलं," चिमी म्हणाली. मग ती पुढं बोलली, "काकू, प्रोग्रॅमिंग शिकणं खोटं नाही. ज्यांना जमलं त्यांचं भलं झालं. पण पुढच्या वेळी कुणीही फोटो दाखवले, तर आत किती गेले, बाहेर किती आले आणि वर्षानं ते कुठं आहेत, एवढं विचारा. फीबरोबर मुलीची ती दोन वर्षंही हिशेबात धरा. मी औषधाच्या दुकानातलं काम सोडून तिथं शिकायला गेले होते, ते कुणी मोजलं नाही. मीसुद्धा नाही. आणि कुणी उत्तराऐवजी टाळ्या मागितल्या, तर उठून या. मग तिथं माझ्यासारखी ओळखीची मुलगी का बसलेली असेना."