कडेची खुर्ची

नाट्यगृहाचे व्यवस्थापक नवा स्पीकर ऐकायला येणार म्हणून धाकट्या भावाने खोलीच्या बरोबर मधोमध एकच खुर्ची ठेवली आणि बाकीच्या गोदामात टाकल्या. वहिनींना संशय तिथेच आला.

स्पीकरचा कारखाना दोघा भावांचा, डोकं थोरल्याच्या बायकोचं. तिला सगळे वहिनी म्हणत, त्यामुळे हुद्दा द्यायची वेळ कधी आली नव्हती.

वहिनींनी स्पीकरची जाळी काढली. आत जुनाच हॉर्न. कडा पॉलिशपेपरने गोल केलेल्या, काळा रंग अजून ओला. खाली चकचकीत पाटी : वेव्हगाइड.

"हे काय आहे?"

"तुमच्या वेव्हगाइडचा साचा रखडला, वहिनी. आणि फरक तो काय? दोन्ही भोकंच."

"नाकपुडीपण भोकच आहे. तिच्यातून जेवता का, भाऊजी?"

हॉर्न आवाजाला जोर देतो, समोरच्याच्या अंगावर फेकतो. वेव्हगाइडचं मुख्य काम वाटपाचं : कडेच्या खुर्चीलाही तोच आवाज मिळावा. वहिनींनी तीन वर्षं त्याच्या आतल्या एका वळणावर घालवली होती ती याचसाठी. त्यांचं वेव्हगाइड नाट्यगृहात लागणार होतं. आता त्याचं नुसतं नाव लागणार होतं.

व्यवस्थापक आले, मधोमध बसले, नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकून खूश झाले. वहिनींनी गोदामातून दुसरी खुर्ची आणून भिंतीला लावली.

"आता इथे बसा."

तिथे नाटकातली माणसं गोधडीतून बोलत होती.

"इथे जरा मऊ लागतंय," व्यवस्थापक म्हणाले.

"मऊ म्हणजे सुखद," धाकटा म्हणाला.

"चालेल," व्यवस्थापक म्हणाले. "मान्यवर मध्येच बसतात. कडेला काय, तिकीट काढून आलेले."

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी काढायला लागल्या.

"अगं, जाऊ दे ना. घरचंच आहे," थोरला म्हणाला.

"घरचं आहे म्हणून तर मला विचारायची गरज वाटली नाही." मग व्यवस्थापकांकडे वळून, "हा हॉर्न आहे. चांगला आहे, लाजण्यासारखं काही नाही. हॉर्न म्हणून घ्या."

व्यवस्थापक उठले. "हॉर्न तर आमच्याकडे आहेतच. कमिटीला नवीन काहीतरी दाखवायचं होतं."

ते गेले. धाकट्याने खुर्चीला लाथ मारली. "झालं समाधान? घर बुडवलंत."

वहिनी गोदामात गेल्या. "माझा साचा घेऊन चालले आहे. हात लावताय का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

थोरल्याने भावाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

वहिनींनी तो एकट्यानेच उचलला. जड होता. दारात टेकवून त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा उचलला.