मशीन येडी झालती

“डावा द्या, सर,” प्रतीक्षा म्हणाली.

सवयीने मी लुळा उजवाच पुढे सरकवला होता. लकव्याच्या हातातून रक्त घ्यायचं नाही, हे तिला मीच शिकवलं. आता माझाच धडा मला म्हणून दाखवते.

जठारपेठेतल्या या लॅबमध्ये मी चौदा वर्षं लोकांचं रक्त काढलं. कुलदीपची सुई कळतसुद्धा नाही, असं अकोल्यात म्हणत. छत्तिसाव्या वर्षी मेंदूतली नस गुठळीने बंद झाली आणि नेमका तोच हात गेला. मला कामावर परत घ्यायचं की नाही, हे लॅबच्या मालकीण मॅडम सोमवारी सांगणार होत्या. काचेपलीकडे त्या रिपोर्टांवर सह्या करत होत्या.

बाकावर तेल्हाऱ्याचे नत्थुजी बाही वर करून बसले होते. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात. माझ्याशिवाय कुणाला हात देत नाहीत. मी बरा झालो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“तुले काहून झालं रे हे? ना दारू, ना तंबाखू.”

“अंगावरून वारं गेलं, काका.”

सहा महिने मी सगळ्यांना हेच सांगतो. वाऱ्याला कोण जाब विचारणार?

प्रतीक्षाने माझी नळी भरून बाजूला ठेवली.

“सर, सकाळी मशीन येडी झालती. माही साखर दोनशे चाळीस दाखवून राहिली, तेबी उपाशीपोटी. मंग मशीन धुतली, माणिकबाईचं रक्त लावलं, तं नव्वद आली. सुधरली.”

माणिकबाई म्हणजे लॅब झाडणाऱ्या बाई, साठीच्या.

हीसुद्धा माझीच शिकवण. सकाळी मशीन तपासायला आपलंच रक्त लावायचं. आपण तरुण, सडपातळ, म्हणजे आपलं नॉर्मल. लकव्याच्या आदल्या महिन्यात माझी साखर आली दोनशे शहाऐंशी, चरबी पाचशेच्या वर. मी हसलो. मशीन धुतली, माणिकबाईंचं रक्त लावलं, बरोबर आलं आणि माझी नळी फेकून दिली. पुढे दवाखान्यात भरती केलं तेव्हा तेच आकडे निघाले. गाढव मी.

काच उघडी होती. बोललो तर सोमवार गेला. स्वतःचं रक्त ज्याला वाचता आलं नाही, त्याच्या हाती लोकांचं कोण देईल? पण ही पोरगी चोवीस वर्षांची आहे.

“मशीनले काही झालं नाही, प्रतीक्षा,” मी म्हणालो. “मलेबी असंच दाखवलं होतं. मीबी मशीनच धुतली. वारंबिरं काही नाही, काका. खोटं बोललो मी.”

नत्थुजींनी बाही हळूच खाली ओढली. मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काच सरकवून लावून घेतली. सोमवारचं उत्तर मला शुक्रवारीच मिळालं.

“बस खुर्चीत,” मी प्रतीक्षाला म्हणालो. तिचे ओठ कोरडे पडले होते.

रबरी पट्टा एका बाजूने दातात धरून बांधला. डाव्या हाताची सुई पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा लागली.

“दुखलं?”

“दुखलं, सर.”

चौदा वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. नळीवर मी डाव्या हाताने तिचं नाव लिहिलं. वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.