एक नंबर मोठा

“बाई, अंगठी काढावी लागेल,” एमआरआयच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ म्हणाला. “आत धातू चालत नाही.”

तिने बोट ओढलं, पिळलं, साबण लावून पाहिला. लग्नातली अंगठी रुतून बसली होती. शेवटी नर्सने ती कापून काढली.

“मी कधीचा सांगतोय, खाण्यावर ताबा ठेव,” नवरा नर्सला ऐकू जाईल अशा बेताने बोलला.

ती कामाला होती त्या चपलांच्या दुकानात सगळे तिला मापवाली म्हणत. गिऱ्हाइकाच्या पायाकडे नुसतं बघून ती नंबर सांगायची. नेहमीचा नंबर घट्ट झाला की गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य होतं, “अहो, ही कंपनी मापं लहानच काढते. एक नंबर मोठा घ्या.” या वाक्याच्या जिवावर तिने कितीतरी जोड लोकांच्या गळ्यात मारले. वाईट एवढंच, की ते वाक्य तिने स्वतःच्याही गळ्यात मारलं. सहाचा सात झाला, सातचा आठ, मग बायकांच्या चपला होईनात म्हणून ती पुरुषांच्या कपाटाकडे वळली, आणि दर वेळी कंपनीलाच नावं ठेवली. नाक रुंदावलं, हनुवटी पुढे आली. नवरा चारचौघांत ‘पहिलवान’ म्हणायला लागला आणि तीही हसायची. त्या हसण्याचाच तिला आता जास्त राग येत होता.

रिपोर्ट आल्यावर दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले.

“मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ आहे. कॅन्सर नाही,” बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “रक्तात वाढीचं हार्मोन जास्त आलंच होतं. आता ही गाठ काळसर दिसतेय ना, त्यावरून तिची जात ऑपरेशनआधीच बरीचशी कळते. या जातीला इंजेक्शनं सहसा लागू पडतात.”

“म्हणजे खाण्याने नाही झालं?”

“खाण्याचा काही संबंध नाही.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

“पण शेजारच्या रक्तवाहिनीला तिने विळखा घातलाय. नाकातून जाऊन निघेल तेवढी काढू, थोडी राहील. आधी आला असतात, तर बहुधा सगळी निघाली असती.”

“आणि हातपाय? पहिल्यासारखे होतील?”

“सूज उतरेल. हाडं वाढली ती वाढली.”

बाहेर आल्यावर नवरा पुटपुटला, “मला काय माहीत गं.”

“तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही हसत होता,” ती म्हणाली. आपण तर रोज पायच बघत होतो, हे मात्र तिने मनातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. “सात नंबर द्या. गेल्या वर्षी सातच घेतला होता.”

सात पायात शिरेना. आता मापवाली आपलं वाक्य टाकणार, म्हणून मालक निर्धास्त होता.

“तुमच्या बोटातली अंगठी निघते का हो?” तिने विचारलं.

“अंगठी? ती कशाला?”

“बघा ना काढून जरा.”

बाईच्या कपाळावर आठी पडली, पण तिने काढून पाहिली. अंगठी अलगद तळहातावर आली.

मापवालीच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्या सडपातळ बोटांचा हेवाही वाटला. तो वाटल्याची तिला लाज वाटली.

“ही कंपनी मापं लहानच काढते,” ती म्हणाली. “आठ देते.”

मग आठचा जोड घेऊन ती खाली बसली, बाईचं पाऊल आपल्या रुंद हातात घेतलं आणि सावकाश चपलेचा पट्टा लावला.