शेजारची

आंधळगावात मोतीलालच्या घरी दिवस उजाडायचा तो मागाच्या खटखटीने, आणि थोरली दामिनी शांत असायची तीही त्याच खटखटीने. गर्दी, मिक्सर, अनोळखी माणसाचा हात, यातलं काहीच तिला सोसत नसे. पण बाप कोशाचं रेशीम विणायला बसला की ती भिंतीला पाठ टेकून त्या तालावर डुलत राही. कधी बिथरलीच तर दोन्ही तळहात पुढे करी, आणि धाकटी मोनिका ते घट्ट दाबून धरी. एवढंच औषध होतं, आणि ते घरात मोनिकाशिवाय कुणी देत नसे.

भंडाऱ्याच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "हिला वेड नाही, ऑटिझम आहे. हिचा ठेका मोडू नका. आणि बोलताना जपा, तुम्ही म्हणाल ते ही शब्दशः खरं धरते." मोनिकाने ऐकलं. आईने, शोभाताईने, येताना ताईत आणला. गावाने तर तिचं नाव केव्हाच 'पागल' ठेवलं होतं. नावं ठेवायला गावाला कुठली डिग्री लागते?

पवनीहून संजीवचं स्थळ आलं. आधीची स्थळं दामिनीला पाहून, "वेड रक्तात असते," म्हणत उठून गेली होती. संजीव मोनिकाला आवडला होता. शोभाताईने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दामिनीला मागाच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली.

"बाबा, माग बंद नका करू," मोनिका काकुळतीला आली. "तुम्ही पाहुण्यापाशी बसा, गोमाजीकाकाले बोलावून बसवा मागावर."

"पाहुणा दारात आला का माग थांबते," मोतीलाल म्हणाला. "माह्या आज्यापासूनची रीत आहे. खटखटीत पाहुणे बसवू, तर मान नाही केला म्हणतील."

मान केला. माग थांबला. पोहे आले, आणि आतून भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. मग किंकाळी.

संजीवच्या आईने बशी खाली ठेवली. "कोण आहे जी आत?"

शोभाताईने मोनिकाकडे पाहिलं.

"शेजारची आहे," मोनिका म्हणाली. "पागल आहे. आमची नाही कोणी. तिच्या घरचे गावाले गेले, म्हणून ठेवली."

दाराआड किंकाळी एकदम थांबली.

"किती पुण्याचं काम करता जी तुम्ही!" संजीवची आई म्हणाली, आणि तिथेच सुपारी फुटली.

दुसऱ्या सकाळी माग सुरू झाला, पण भिंतीपाशी दामिनी नव्हती. गोधडी आणि आपलं ताट घेऊन ती शेजारच्या कुंताबाईच्या ओसरीवर बसली होती. मोनिका धावत गेली.

"दामिनी, घरी चाल."

"शेजारची आहे. आमची नाही कोणी," दामिनी म्हणाली. आवाजही हुबेहूब मोनिकाचा. तिने हात धरून ओढलं तर दामिनीने ओसरीचा खांब कवटाळला.

"माह्या ओसरीवर कायले?" कुंताबाई कडाडली. तिला एका कोशाच्या लुगड्यात दया आली.

"राहू दे लग्नापर्यंत," शोभाताई मोनिकाला म्हणाली. "देवानंच बुद्धी दिली तिले. आपण कायले आडवं यायचं?"

मोनिका तिला ताट भरून न्यायची, तेही पुढे आईच नेऊ लागली.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी बँड असा वाजत होता की शहाण्याचं डोकं फिरावं. दामिनी कान झाकून ओसरीवर बसली होती. मोनिका गाडीकडे निघाली तशी ती उठली, गर्दीत अंग चोरत समोर आली आणि दोन्ही तळहात पुढे केले.

मोनिकाचे हात आपसूक वर उठले.

"हे तीच ना, शेजारची?" सासूने विचारलं.

"हो," मोनिका म्हणाली. उठलेले हात तिने जोडले आणि शेजारपाजारच्यांना करतात तसा दामिनीला नमस्कार केला.

दामिनी त्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने आपले तळहात एकमेकांवर टेकवले आणि स्वतःच घट्ट दाबून धरले.

"पाहा जी," सासू कौतुकाने म्हणाली, "पागल आहे, पण नमस्कार बरोबर करते."