फुंकर कधी मारायची?

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध सतरंजीवर एक तरुण हातपाय झाडत पडला होता, तोंडातून फेस येत होता आणि मागचे लोक पुढच्यांवर खेकसत होते, "अहो काका, खाली बसा की! आम्हालाही दिसू द्या!"

"मागच्या खेपेला याहून जोरात आलं होतं," एक जाणकार म्हणाला.

फुंकरबाबा त्या तरुणाभोवती गोल फिरत होते. "निघतोस की घालू लाथ? सात डोंगरांपलीकडचा तू, इथे कुणाचं खातोस? बोल!" मग ते वाकले आणि त्याच्या कपाळावर फुंकर मारली. फूऽऽ! तरुणाचं अंग सैल पडलं. गोदाम टाळ्यांनी दणाणलं.

एका कोपऱ्यात शिंपीणबाई टाळी न वाजवता उभी होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ, चांगला चाळिशीचा, झोपेने झोकांड्या खात होता. बाबांचा नेमच तसा कडक होता. येण्याआधी उपास, रात्रभर जागरण आणि गोळ्या बंद. "गोळी गिळली की श्रद्धा पातळ होते," असं दारावरचा चेला प्रत्येकाला बजावत होता.

भावाला आकडी यायची, म्हणून डॉक्टरांनी तिला नेमक्या याच तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या. तिला ते पाठ होतं. पण माणूस थकला की पाठ असलेलंही विसरतो. घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना तिने चिंध्यांच्या गाद्या शिवल्या होत्या, न्हाणीघराची कडी काढून टाकली होती. भाऊ आंघोळीला गेला की त्याने मोठ्याने गायचं आणि गाणं थांबलं की हिने कात्री टाकून धावायचं. "ताई, पोरं झाली असती या वयात, आणि तू मला बालगीतं म्हणायला लावतेस!" तो चिडायचा. एक आंघोळ, फक्त एक, तिला कान न देता जाऊ द्यायची होती. म्हणून ती आली होती.

पण आत्ता तिने जे पाहिलं, ते टाळ्या पिटणाऱ्यांनी पाहिलं नव्हतं. बाबांचं लक्ष भुताकडे नव्हतंच. ते त्या तरुणाच्या खांद्याकडे बघत होते. झटक्यांमधलं अंतर वाढेपर्यंत त्यांची बडबड चालू होती. अंतर वाढलं, मगच फुंकर.

तेवढ्यात शेजारी धप्प आवाज झाला. भाऊ कोसळला होता.

"आलं, आलं!" लोक आनंदाने सरकले. कुणीतरी धावत येऊन त्याच्या दातांत चमचा खुपसला. कट्‌ आवाज झाला आणि पुढच्या दाताचा तुकडा जमिनीवर पडला.

"काढा तो चमचा!" ती किंचाळली. भावाला तिने कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली.

बाबा आले. "दूर हो, बाई! शक्ती उलटेल!"

"महाराज, मारा फुंकर. आत्ता. लगेच."

"मुहूर्त असतो त्याला..."

"मारा ना, महाराज!" गर्दीच ओरडली. बाबांनी फुंकर मारली. भावाचं अंग तसंच हिसडत राहिलं. त्यांनी पुन्हा मारली. काही नाही. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

तिने हात भावाच्या खांद्यावर ठेवला. "अजून नाही... अजून नाही... आता बघा." झटके विरले. मोठा घरघरता श्वास आला आणि तो निपचित झाला.

"हा आजार आहे, अपस्मार म्हणतात," ती म्हणाली. "आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर सरळ दवाखाना गाठायचा. हे महाराज थांबायची वाट बघतात आणि मग फुंकतात. आणि आकडी इथेच का येते? उपाशी ठेवा, जागं ठेवा, गोळ्या तोडा, मग येणारच!"

गोदाम चिडीचूप झालं. तिला वाटलं, पटलं.

मग एका बाईने तिची बाही धरली. "ताई, खरी शक्ती तुमच्यातच आहे हो! माझ्या लेकीवर एक फुंकर मारा."

"बघितलंत?" बाबा गरजले. "माझी शक्ती हिच्यात उतरली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, फुंकर नको! तिला जेवू द्या, झोपू द्या, गोळी द्या!"

"एवढीशी फुंकर मारायला तुमचं काय जातं?" बाईचा चेहरा पडला. लेकीचं मनगट ओढत ती बाबांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने भावाने डोळे उघडले. विजार ओली झाली होती आणि लोक बघत होते. ओठावरचं रक्त चाटत त्याने विचारलं, "ताई... मी बरा झालो?"

खोटं बोलणं किती सोपं होतं!

"नाही रे. ऊठ, घरी जाऊ. आधी डॉक्टरांना विचारू, मग गोळ्या पुन्हा सुरू."

ती त्याला धरून दाराबाहेर आली, तेव्हा आत पुन्हा टाळ्या पडल्या. उपाशी, जागी, गोळ्या सोडलेली इतकी माणसं जमल्यावर कुणी ना कुणी पडणारच.

"कुणाची तरी थांबली वाटतं," भाऊ पुटपुटला. "फुंकरीने?"

"फुंकर मारली नसती, तर थांबली नसती का?"

तो भिंतीला टेकून तुटक्या दातावरून जीभ फिरवू लागला. मग म्हणाला, "थांबली असती."

कोणताही चमत्कार बघताना विचारायचा प्रश्न एवढाच: या माणसाने काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं? त्या गोदामात शेकडो माणसं होती. या प्रश्नाचं उत्तर दिलं ते एका तुटक्या दाताच्या माणसाने.