ढालीवरचं पाहुणं

“झाडाच्या कडेवर झाड बसलं पाहुणं,
मागेना भाकर, दवात त्याचं जेवणं...”

बादलीपाशी बसून आईसाहेब हे गुणगुणायच्या, तो आवाज अजून माझ्या कानात ओला आहे. आईसाहेब म्हणजे माझ्या सासूबाई, वत्सला. बादलीत डुंबत असायचा एक नेचा. सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली त्याची पानं. नर्सरीवाला त्याला स्टॅगहॉर्न म्हणायचा, आईसाहेब म्हणायच्या पाहुणं. त्याला ना माती लागते ना कुंडी. रानात झाडाच्या खोडाला धरून बसतो. आमच्याकडे, बडोद्यात वासण्याच्या बंगल्यात, तो सांबराच्याच जागी बसला होता.

त्याचं असं झालं. दिवाणखान्यात लाकडाची एक ढाल होती, तिच्यावर पेंढा भरलेलं मुंडकं, खाली पितळी पाटी: ‘बळवंतराव यांनी मारलेला सांबर’. बळवंतराव म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील, त्यांचे बाबासाहेब. मुंडकं कसरीनं खाल्लं, शिंगं कायद्याच्या धाकानं वनखात्याला देऊन टाकली. रिकामी ढाल आईसाहेबांनी मागच्या व्हरांड्यात नेली, काथ्याशेवाळाची गादी केली आणि नेचा तिला बांधला.

सासरे प्रतापसिंहराव, आमचे आबासाहेब, यांना मात्र सांबर सुटला नाही. जन्मात त्यांनी दोनच उद्योग केले: मिशीला पीळ देणं आणि वडिलांची शिकार सांगणं. घर चालायचं माझ्या नवऱ्याच्या बाजव्याच्या कारखान्यातल्या नोकरीवर, आणि हुकूम सुटायचे शिकारीच्या मचाणावरून. केबलवाला तार जोडायला आला की वायर हातात घेऊन अर्धा तास जंगलात उभा. दरवर्षी सांबर वाढायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा घोड्याएवढा होता. मोबाइल आले तोवर उंटाच्या वर गेला.

नेचा वाढत होता तो निमूट. त्याला दोन तऱ्हेची पानं. लोंबतात ती हिरवी शिंगं; आणि बुडाशी गोल, चपटी, लाकडाला बिलगणारी. ती पुढे तपकिरी होतात, कागदासारखी वाजतात, अडाण्याला मेलेली वाटतात. पण त्यांच्याच आडोशाला मुळं ओल धरून असतात. आईसाहेब त्यांच्यामागे केळ्याची साल सारायच्या. शिंगांवरची पांढरी लव धूळ समजून कुणी पुसायला गेलं तर हात धरायच्या. बडोद्याच्या वैशाखात ओलं गोणपाट टांगून त्यांनी हे पाहुणं जगवलं. त्या घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं.

वाढता वाढता एका गोल पानानं पितळी पाटी झाकून टाकली. मागच्या व्हरांड्यात पाऊल न टाकणाऱ्या आबासाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. मग धवल आला. गुजराती पेपरातला पोरगा, जुन्या मराठी घराण्यांवर लिहीत होता.

“काका, पेली... ती शिकारनी पाटीचा एक फोटो मिळेल ने?”

आबासाहेब फेटा बांधून व्हरांड्यात आले, ढालीकडे बघून लाल झाले.

“हे काय? बाबासाहेबांच्या नावावर हा पाचोळा? वत्सला! सूनबाई, सुरी आणा. खरवडून काढा सगळं.”

“आबासाहेब, ते पान काढलं तर मुळं उघडी पडतील. झाड मरेल,” मी म्हटलं.

“मरू दे. बांडगूळ मेलं!”

बांडगूळ झाडाचा रस पितं. हे तर नुसतं टेकून बसलं होतं. वाडवडिलांच्या नावाचा रस पिणारं बांडगूळ फेटा बांधून समोर उभं होतं. पण सुनेनं असं बोलायचं नसतं.

“थोडं बाजूनं घेऊ का फोटो?” धवल पुटपुटला.

“बाजूनं? सांबर काय बाजूनं मारला होता?”

मी हलले नाही, तेव्हा ते स्वतःच आत जाऊन आंबे कापायची सुरी घेऊन आले. तपकिरी पानाच्या कडेत त्यांनी टोक घातलं. कर्र आवाज झाला.

“अहो, थांबा,” आईसाहेब म्हणाल्या.

“तुम्हाला काय कळतंय शिकारीतलं!”

“शिकार झालीच नाही.”

सुरी पानातच राहिली. आईसाहेबांनी पदराला हात पुसले. आवाज चढवला नाही, बादलीपाशी असायचा तेवढाच होता.

“मामंजी कचेरीत कारकून होते. त्यांनी बंदूक कधी हातात धरली नाही. मी नवी नवरी, रोज ते मुंडकं पुसायची. एकदा तेच म्हणाले, ‘सूनबाई, इतकं नका घासू, कुण्या साहेबाच्या लिलावातून आणलंय. प्रताप लहानपणी शाळेत सांगून आला, माझ्या वडिलांनी मारलंय म्हणून. पोरं हसू नयेत म्हणून मी पाटी करून घेतली. त्याला सांगू नका, त्याला फार लागेल.’ म्हणून नाही सांगितलं, इतकी वर्षं. आता ती सुरी काढा.”